रोखीचा धंदा आणि किर्दीची वही : भाचीस पत्र



पुण्यात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या आणि गावाकडची कागदपत्रे हाती येईपर्यंत बँकेत खाते नसलेल्या व्यक्तीला पैसे जपून ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात; परंतु बँक पैसे नुसते जपत नाही, ती प्रत्येक जमेची व उचलीची नोंद ठेवते आणि हाताशी आलेला पैसा चटकन खर्च होऊ देत नाही, हे त्या सल्ल्यात सुटून जाते. ही दोन्ही कामे खाते नसताना स्वतःच करावी लागतात. भाचीने सुरुवातीपासून ती अंगवळणी पाडावीत.

पहिली गोष्ट भांडवलाची. भांडवल म्हणजे ज्या रकमेतून उद्याचा माल यायचा ती रक्कम. तिला मिळकत समजणे ही रोखीच्या धंद्यातील सर्वांत महाग चूक होय. समजा, पहाटे मार्केट यार्डात 3,000 रुपयांचा माल घेतला आणि रात्री गल्ल्यात 3,900 रुपये निघाले, तर 900 रुपये सुटले असे वाटते. पण टेम्पो, हमाली आणि हातगाडीचे भाडे मिळून 250 रुपये गेले असतील, तर हाती 650 रुपयेच राहतात, आणि कोमेजलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी त्याच भावाने जाणार नसते. म्हणून गल्ला मोजताच 3,000 रुपये वेगळ्या पिशवीत बांधावेत आणि घरात कोणाची कितीही निकड असली तरी त्या पिशवीला हात लावू नये. भाव पडल्याने बसणारा तोटा एखाद्या आठवड्यात भरून निघतो, परंतु थोडेथोडे खाल्लेले भांडवल परत उभे करायला कर्जच काढावे लागते.

दुसरी गोष्ट किर्दीची. किर्द म्हणजे रोजच्या रोख व्यवहारांची वही, आणि त्यातूनच माणसागणिक हिशेब वेगळा काढला की ती खतावणी होते. किर्दीच्या डाव्या बाजूस जमा म्हणजे आलेली रक्कम व उजव्या बाजूस नावे म्हणजे गेलेली रक्कम लिहितात. सकाळच्या शिल्लकेत जमा मिळवून नावे वजा केले की जी अखेरची शिल्लक येते, तेवढेच पैसे हातात असायला हवेत. चाळीस रुपये कमी भरले तर ते कुठल्या तरी खर्चात घुसडून आकडा जुळवू नये, ‘तफावत 40’ असेच लिहावे, कारण महिनाभराच्या तफावती एकाखाली एक दिसू लागल्या की पैसा कोठून गळतो आहे ते कळते. आजकाल गिऱ्हाईक फोनवरून पैसे देऊ पाहते आणि स्वतःचे खाते नसलेली विक्रेती शेजाऱ्याच्या किंवा दिराच्या नावाचा क्यूआर कोड गाडीवर लावते. ही सोय खरी, पण तो पैसा कायद्याने त्या खातेदाराच्या नावावर जमा होतो, म्हणून त्याचा हिशेब त्याच रात्री करून रोख हाती घ्यावी आणि वहीत त्या खातेदाराची सही घ्यावी. नाते गोड राहावे म्हणूनच ही सही हवी.

उसनवारीत सर्वाधिक सावध राहावे लागते ते रोज वसुली होणाऱ्या कर्जाबाबत. 10,000 रुपयांच्या कर्जातून 1,000 आधीच कापून 9,000 हातात देतात आणि शंभर दिवस रोज 100 रुपये नेतात. व्याज दहा टक्केच दिसते; पण मुद्दल रोज फिटत असल्यामुळे संपूर्ण रक्कम शंभर दिवस वापरायला मिळतच नाही, आणि नीट हिशेब केला तर हा दर वर्षाला पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर जातो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार सावकाराला परवाना लागतो व घेतलेल्या रकमेची पावती द्यावी लागते; जो पावती देत नाही, त्याच्याकडून कर्ज घेऊच नये.

भिशीबद्दल अधिक विचार हवा, कारण ती चांगली असते तेव्हा फारच चांगली असते. बारा जणींनी दरमहा हजार काढले की 12,000 रुपये जमतात आणि चिठ्ठी निघेल तिला ते मिळतात. पहिल्या महिन्यात चिठ्ठी निघालेलीला हे बिनव्याजी कर्जच असते, तर शेवटची वर्षभर बाकीच्यांना उसने देत राहिलेली असते. म्हणून भिशीचा खरा धोका आधी उचललेली बाई पुढचे हप्ते थांबवील यात असतो, आणि ओळखीपाळखीखेरीज त्यावर दुसरे तारण नसते. बोलीच्या भिशीत गरजू बाई कमी रक्कम स्वीकारते. तिने 10,200 रुपयांवर बोली धरली तर उरलेले 1,800 बाराजणींत वाटून प्रत्येकीला 150 येतात. अर्थात तो तिच्या गरजेवर लागलेला व्याजाचा भार होय. भाचीने चिठ्ठीची, ओळखीतल्या बायकांची आणि स्वतःच्या दोन महिन्यांच्या बचतीपेक्षा लहान रकमेची भिशी धरावी. अनोळखी माणूस मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून चालवतो त्या भिशीकडे फिरकूही नये. कारण अशी भिशी म्हणजे चिटफंडच, आणि तो चालवायला 1982 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते.

बचत गटात दहा ते वीस जणी असतात, आणि नियमित बैठक व अद्ययावत हिशेब ही त्याची ताकद असते. तो मिळाला तर भिशीपेक्षा बरा. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे जिच्यासाठी दारात येऊन रोज थोडी रक्कम गोळा करतात ती ठेव, सोयीची असते. मात्र पतसंस्था ही बँक नव्हे, आणि बँकेतील ठेवींना 5 लाख रुपयांपर्यंत मिळणारे विमा संरक्षण तिथल्या ठेवींना नसते.

घरातल्या रोखीला वाळवी, चोरी आणि सरकारी निर्णय हे तिन्ही लागू पडतात. 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 व 1,000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा डब्यात पैसे साठवणाऱ्या बायकांची किती धावपळ झाली, ते भाचीला ठाऊक आहेच. फाटलेली नोट मात्र कोणत्याही बँकेच्या शाखेत, तिथे खाते नसले तरी, बदलून मिळू शकते. ती दलालाला कमी किमतीत देण्याची गरज नाही.

कागदपत्रे पूर्ण नसली तरी बँकेत ‘लहान खाते’ उघडता येते. स्वतःच्या छायाचित्रावर अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून ते मिळते, त्यात एका वेळी 50,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते व महिन्याला 10,000 पर्यंत काढता येतात. ते सुरुवातीस बारा महिन्यांसाठीच असते. भाचीने या आठवड्यातच जवळच्या शाखेत त्याची चौकशी करावी. तोवर आणखी एक काळजी घ्यावी: बँकेच्या खात्याला नामनिर्देशन असते, म्हणजे खातेदारामागे पैसे कोणाला मिळावेत ते लिहिलेले असते, डब्याला ते नसते, म्हणून वही कोठे आहे आणि पिशवी कोठे आहे हे घरातल्या एकाच विश्वासू माणसाला, शक्यतो आईला, आधीच सांगून ठेवावे, आणि कोणाचे किती देणे-घेणे आहे त्याचे पान दर अमावास्येला तिला वाचून दाखवावे.