पोटदुखीवरची हार्मोनची गोळी: मध्येच सोडू नका, वाटून घेऊ नका



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, बायका उठायला लागल्या. तेव्हा एका ताईंनी मला बाजूला घेतलं. वय बत्तीस. लग्नाच्या आधीपासून पाळीत पोट एवढं दुखायचं की दोन दिवस अंथरुणातून उठता यायचं नाही. सोनोग्राफीत अंडाशयावर 'चॉकलेट सिस्ट' निघाली. डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली. तीन आठवड्यांनी डाग लागायला लागले. ताई घाबरल्या आणि गोळी बंद केली. उरलेल्यातल्या सहा गोळ्या जावेला दिल्या, गौरी-गणपतीत पाळी नको म्हणून. पुढच्या पाळीला दुखणं परत आलं. आता घरचे म्हणतात, "पिशवीच काढून टाक."

ताईंनी विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

खरं सांगू? गोळी हातात दिली, पण ती कशी घ्यायची, काय होईल, हे ताईंना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. म्हणून यावेळचा धडा या गोळीवर.

हा आजार काय आहे?

गर्भपिशवीला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत बाहेर पडतं. एंडोमेट्रिओसिस या आजारात तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं: अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्याजवळ. पाळीत तिथेही सूज येते, रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून कळा येतात. कुणाला संबंधाच्या वेळी दुखतं, कुणाला संडास-लघवीला, कुणाला मूल राहायला अडचण येते. असंच अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरलं तर त्याला अडेनोमायोसिस म्हणतात.

जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहापैकी एका बाईला एंडोमेट्रिओसिस असतो. "बाईला दुखायचंच" म्हणून अंगावर काढायचं हे दुखणं नाही.

गोळी काय करते?

डॉक्टर बहुतेक वेळा डायनोजेस्ट किंवा नॉरएथिस्टेरॉन देतात. आपल्या शरीरातल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं काम करणाऱ्या या गोळ्या आहेत. त्या अस्तर वाढू देत नाहीत. त्यामुळे पाळी कमी येते किंवा थांबते आणि दुखणं उतरतं.

"पाळी थांबली तर घाण आत साठेल," असं बायका विचारतात. साठत नाही. अस्तर तयारच झालं नाही तर बाहेर काय पडणार? गोळी बंद केल्यावर पाळी परत सुरू होते. मात्र गोळीने आजार मुळासकट जात नाही, दबून राहतो. म्हणून ती काही महिने, कधी त्याहून जास्त काळ, नियमाने घ्यावी लागते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे सांगा

- दिवस गेले असण्याची शंका आहे, किंवा लवकरच मूल हवं आहे.
- बाळाला अंगावर पाजता.
- अंगावरून रक्त जातं, पण कारण कळलेलं नाही.
- पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी, लकवा किंवा हृदयाचा झटका येऊन गेलाय.
- कावीळ, लिव्हरचा आजार, किंवा गरोदरपणात कावीळ झाली होती.
- स्तनाचा कॅन्सर झालेला आहे, किंवा स्तनात गाठ लागते.
- बीपी, शुगर, अर्धशिशी किंवा मनाच्या उदासीचा त्रास आहे.
- टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत. यातली काही औषधं या गोळीचा असर कमी करतात.

लाजून काही लपवू नका. गोळी तुम्हाला चालेल की नाही, हे यावरच ठरतं.

घेताना काय पाळायचं?

- डायनोजेस्ट साधारण रोज एक, ठरलेल्या वेळी, मध्ये खंड न पाडता घेतात. डाग लागले, पाळी आली तरी चालू ठेवायची. नॉरएथिस्टेरॉनचं प्रमाण बाईगणिक वेगळं असतं. चिठ्ठीत असेल तेवढंच घ्या.
- डायनोजेस्ट घ्यायची राहिली तर आठवल्याबरोबर एकच घ्या आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या वेळी. घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी किंवा जुलाब झाले तर आणखी एक घ्या.
- पहिले काही महिने डाग लागणं, डोकं दुखणं, छाती जड वाटणं, वजन थोडं वाढणं असं होऊ शकतं. डाग लागले म्हणजे गोळी लागू पडत नाही असं नाही. पण तासाला पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल तर लगेच दाखवा.
- उपचाराची ही गोळी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. निरोध किंवा तांबी याबद्दल विचारून घ्या. आशाताईंकडची माला-एन किंवा छाया आपल्या मनाने सोबत घेऊ नका.
- ऊसतोडीला किंवा माहेरी जाताना पुरतील एवढ्या गोळ्या, चिठ्ठी आणि सोनोग्राफीची फाईल बरोबर ठेवा.
- वर्ष-दोन वर्षं गोळी चालणार असेल तर हाडांच्या ताकदीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- त्रास झाला तर सांगा, गोळी बदलता येते. आपल्या मनाने बंद करू नका.

यातलं काही झालं तर थांबू नका

- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली.
- अचानक छातीत दुखलं, दम लागला.
- आधी कधी झाली नाही एवढी डोकेदुखी, अंधुक दिसणं, बोलताना अडखळणं, हातपाय लुळा पडणं.
- डोळे पिवळे होणं, अंगाला खूप खाज.
- दिवस गेल्याची शंका आणि पोटात अचानक असह्य कळ.

अशा वेळी 108 ला फोन करा. मन फार उदास झालं, जगणं नको वाटलं तर 14416 या मोफत नंबरवर बोला आणि डॉक्टरांनाही सांगा.

गोळी म्हणजे प्रसाद नव्हे

जावेला दिलेली गोळी पाळी पुढे ढकलायच्या कामाची नव्हतीच. त्यासाठी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन घेतात, आणि तीही मेडिकलमधून परस्पर आणतात. मी स्वतः कॉलेजात असताना बहिणीच्या लग्नासाठी अशीच आणली होती. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. पाळीत देवाचं करावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ही गोळी घ्यायचीच असेल तर वरची यादी डॉक्टरांना सांगूनच घ्या. एकीला चाललेली गोळी दुसरीला गुठळीचा धोका देऊ शकते.

पिशवी काढण्याआधी

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा नको, दंड नको, कटकटच नको, असं म्हणत कितीतरी जणी टेबलावर गेल्या. काहींना ऑपरेशन खरंच लागतं. पण एंडोमेट्रिओसिसमधलं अस्तर पिशवीच्या बाहेरही असतं, त्यामुळे पिशवी काढूनही दुखणं राहू शकतं. सोबत अंडाशय काढले तर कमी वयातच पाळी जाते आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणून आधी विचारा, "गोळीने भागेल का?" आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असतात.

त्या ताई फाईल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आल्या. दिवस गेलेले नाहीत याची तपासणी करून गोळी परत सुरू झाली. तीन महिन्यांनी बोलावलंय. आराम किती पडेल ते तेव्हा कळेल. ऑपरेशनचं मात्र घरच्यांनी तूर्त थांबवलंय. यावेळी नवराही सोबत गेला होता.

पुढच्या बैठकीसाठी

1. पाळीत कामाला जाता येत नाही एवढं कुणाला दुखतं? नाव घ्यायची सक्ती नको. ज्यांना सांगायचं त्या सांगतील.
2. पाळीची तारीख, किती दिवस, किती दुखलं, गोळी घेतली का, हे बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात करू या. डॉक्टरांना हीच माहिती लागते.
3. घरात कुणाच्या उरलेल्या हार्मोनच्या गोळ्या आहेत का? आधी तारीख बघा, आणि कुणाला देऊ नका.

बैठकीत बोलायला जमलं नाही तर मला किंवा आशाताईंना एकटीने भेटा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक