दूर वाढणारे मूल आणि त्याचे श्रोते : 'श्यामची आई' व 'कोल्हाट्याचं पोर'

आई-वडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलाला आधार कशाचा, हा प्रश्न मराठी साहित्यविचारात बहुधा वात्सल्याच्या किंवा दारिद्र्याच्या चर्चेत विरून जातो. प्रस्तुत लेखात साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) आणि किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) यांच्या आधारे त्याचा स्वतंत्र विचार करावयाचा आहे. अन्न, निवारा व शिक्षण यांच्या जोडीने आपले म्हणणे ऐकून घेणारे माणूस ही अशा मुलाची मूलभूत गरज असते. दोन्ही कृतींचे निवेदन या गरजेशी निगडित आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रथम सामाजिक पार्श्वभूमी. शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांना माधुकरी किंवा वार लावून जेवणे हे मार्ग उपलब्ध होते. त्यांतून पोट भरे, पण मिंधेपणही पदरी येई. इतर जातींच्या मुलांना तेही दार बंद होते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून उभी राहिलेली वसतिगृहे आणि भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेले सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह यांमुळे आश्रयाला हक्काचे रूप येऊ लागले.

साने गुरुजींनी दूर राहण्याचा अनुभव दोन्ही बाजूंनी घेतला. पालगड सोडून दापोली, औंध व पुणे येथे ते शिकले. पुढे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयाचे काम त्यांनी पाहिले. मुलांच्या खोल्या झाडण्यापासून त्यांच्यासाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक लिहिण्यापर्यंत ते काम विस्तारले होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ची रचना या संदर्भात पाहावयास हवी. श्याम आपल्या आठवणी सांगतो तो आश्रमातील सोबत्यांना, रोज रात्री थोड्या थोड्या. आईच्या अखेरच्या क्षणी जवळ नसलेला मुलगा, घरापासून दूर असलेल्या श्रोत्यांपुढे तिला पुन्हा उभी करतो. येथे कथनचौकट केवळ तांत्रिक सोय राहत नाही. सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्यांना एकाच वेळी आधार देणारी ती व्यवस्था ठरते.

'कोल्हाट्याचं पोर'मध्ये अशी चौकट नाही, आणि हा अभाव अर्थपूर्ण आहे. येथे आई मृत्यूने दुरावलेली नाही. नाचणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर घर जगते. तिला पुरुषाच्या आश्रयास जावे लागते आणि मूल आजोळी राहते. तेथे त्याच्या वाट्याला घरकाम, मार आणि बापाच्या नावावरून होणारी हेटाळणी येते. श्यामला बालपणी ऐकणारी आई होती आणि पुढे सोबती मिळाले; किशोरला दोन्ही दुर्मीळ. त्यामुळे श्रोत्याची जागा थेट वाचकाला घ्यावी लागते. निवेदनाचा अनलंकृत, घाईचा सूर या दृष्टीने कलात्मक उणीव मानता येणार नाही. आजवर कोणी न विचारलेले एकदाचे सांगून टाकण्याची ती निकड आहे. डॉक्टर झालेला हा लेखक आपल्या नावात आईचे नाव धारण करतो. दुरावलेल्या आईशी असलेले नाते तो अशा रीतीने जाहीरपणे नोंदवतो. तिच्याविषयीचा राग आणि ओढ ही दोन्ही त्या नावात सामावली आहेत.

या तुलनेला एक मर्यादा आहे. ऐकून घेणे हा हक्काच्या निवाऱ्याला पर्याय नव्हे. छात्रालयाची भिंत आधी उभी असावी लागते. परंतु भिंतीने काम संपत नाही. आजही ऊसतोडीच्या हंगामात आई-वडील गाव सोडतात, तेव्हा अनेक मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. त्यांतील काही पुढे आपल्या वर्गांत येतात. ही पुस्तके शिकविताना मातृप्रेमावरील ठरावीक निबंधाऐवजी 'हे कोणाला सांगितले जात आहे?' हा प्रश्न अध्यापकाने विचारावा. त्यातून कृतीच्या रचनेचा उलगडा होईल, आणि वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला आपली हकीकत कोणाजवळ तरी सांगता येईल, हेही कळेल.