जुन्या संगणकातला हिशेब नव्या संगणकात

दुकानाच्या माळ्यावर जुना संगणक पडून असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबावे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्यात जुने गिऱ्हाईक पुन्हा येते, कधी त्याचा मुलगा येतो आणि 'मागच्याच मापाचे वाद्य द्या' म्हणतो. माप वहीत असेल तर ठीक. १९९० च्या दशकात ज्यांनी हौसेने संगणक घेतला, त्यांची मापे, पत्ते आणि उधारी फ्लॉपीत अडकून बसली आहे.

गेल्या वर्षी मिरजेतल्याच एका कारखान्यातल्या फ्लॉप्या आमच्यापुढे आल्या. मालक म्हणाले, "अब्बांनी सगळी नावे यातच टाकली होती." आम्ही घाईने पहिलीच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली. तिला बुरशी होती. ती तर गेलीच, शिवाय ड्राइव्हचे हेड घाण होऊन पुढच्या फ्लॉपीवरही ओरखडा आला. तेव्हा आधी झडप सरकवून आतली तबकडी उजेडात पाहावी. पांढरे डाग दिसले तर ती बाजूला ठेवावी.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचीला तो चालत नाही, तिथे बहुधा जुना संगणकच चालू करावा लागतो. आतल्या मजकुरावर चुकून काही लिहिले जाऊ नये म्हणून साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवावी, सव्वापाच इंचीची खाच मात्र चिकटपट्टीने झाकावी. हार्ड डिस्क चाळीस पिनांची आयडीई असेल तर ती यूएसबी जोडणीने आजच्या संगणकाला बाहेरून लागते व डॉसच्या फाइली विंडोजला वाचता येतात. सर्व फाइली आधी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात आणि पुढचे काम नकलेवरच करावे.

खरी अडचण त्यानंतर येते. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल आज लिबरऑफिसमध्ये उघडते, रकमा नीट दिसतात, पण मराठी नावांच्या जागी युरोपी अक्षरांचा चिवडा! घाबरू नये, फाइल बिघडलेली नसते. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लावून लिहिलेले असेल तर ते बहुधा १९९१ च्या इस्की प्रमाणात असते. त्यात प्रत्येक अक्षराला व चिन्हाला ठरलेला अंक आहे, त्यामुळे ते युनिकोडमध्ये आणणे त्यामानाने सोपे. श्रीलिपीसारख्या फाँटात लिहिलेले असेल तर काना, मात्रा, अर्धे अक्षर असे तुकडे निरनिराळ्या अंकांवर बसवलेले असतात, आणि ही बसवणी सगळ्या फाँटांची सारखी नसते. म्हणून जुन्या फाँटचे नाव कागदावर टिपून घ्यावे, त्याची फाइलही सोबत उतरवावी. नाही तर रूपांतर अंदाजाने होते आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार हमखास चुकतात.

त्या कारखान्याच्या यादीत 'शिकलगार'चे 'शकिलगार' झाले होते. उधारीची बेरीज पहिल्याच दिवशी जुळली; नावे मात्र पावत्यांशी एकेक ताडून पाहण्यात चार संध्याकाळी गेल्या. बुरशी लागलेल्या फ्लॉपीतली नावे अजून मिळालेली नाहीत.