हॅकिंग नव्हे, पंचनामा

मुलगी ‘सायबरमध्ये जायचंय’ म्हणाली की सोलापुरातल्या पालकांना दोन धास्त्या वाटतात: भलत्या नादाला तर लागणार नाही ना, आणि फी.

डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये कुणाच्या संगणकात घुसायचं नसतं. जप्त केलेला संगणक होता तसा राखायचा असतो. डिस्क नुसती जोडली तरी तिच्यावर काहीबाही लिहिलं जातं, म्हणून मध्ये ‘राइट ब्लॉकर’ लावतात. एफटीके इमेजरने तिची तंतोतंत प्रत, म्हणजे इमेज, घेतात आणि हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढतात. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी हॅश पार बदलते. पुढचं सगळं काम प्रतीवर. पुसलेली फाइल ‘ऑटोप्सी’त पुष्कळदा सापडते, कारण डिलीट केल्यावर आधी नोंद जाते, मजकूर मागे राहतो. (एसएसडीवर मात्र ही मेहेरबानी सहसा नसते.)

एवढा सोवळेपणा कशाला, ते जालन्याला विचारा. 2014च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आला का, यावर खटला झाला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडींचा. सोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं, इलेक्ट्रॉनिक नोंदीची खातरी देणारं कलम 65-बचं प्रमाणपत्र नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्र हवंच. इथे ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, म्हणून तेवढी सूट मिळाली. त्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम 63च्या प्रमाणपत्रावर हॅशही लिहावी लागते; एक भाग तज्ज्ञाने भरायचा. उलटतपासणीत त्याला उभं राहावं लागू शकतं. त्यामुळे कोडिंगइतकीच नेटकी भाषा लागते, हे क्लासवाले सांगत नाहीत.

आता फी. विड्या वळून साठवलेले पैसे ‘सहा महिन्यांत एथिकल हॅकर’ करणाऱ्यांच्या हाती देऊ नका. गावातल्याच वालचंदसारख्या कॉलेजात संगणक अभियांत्रिकी करून पुढे फॉरेन्सिक्सकडे वळता येतं. थेट तेच शिकायचं तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं गोव्यातही केंद्र आहे.

त्याआधी सुट्टीत घरीच पाहा. एफटीके इमेजर आणि ऑटोप्सी ही दोन्ही टूल्स फुकट मिळतात. जुन्या पेनड्राइव्हवर फोटो टाका, पुसा, इमेज घेऊन मुलीला शोधायला सांगा. फोटो सापडले का, हे नंतर विचारा. आधी तिची वही मागा. कोणती पायरी किती वाजता केली, ते त्यात आहे का?