कुलूप फोनला होतं, सिमला नव्हतं

कळवा सोडून गाडी मुंब्र्याकडे निघाली आणि मध्येच सिग्नलला हळू झाली. मुलुंडहून मी पकडते ती नेहमीची संध्याकाळची कल्याण स्लो, लेडीज डबा, दारातला दांडा. लेकीचा मेसेज वाचून मी नुकतीच स्क्रीन बंद केली होती आणि फोन उजव्या हातातच होता. खालून मनगटावर काठीचा फटका बसला. बोटं आपोआप उघडली. फोन खडीवर पडला आणि एका पोराने तो उचलला, एवढंच मला दिसलं. मी बाहेर झुकले होते. मागच्या बाईने माझा दंड घट्ट धरून मला आत खेचलं नसतं तर हा लेख लिहायला मी नसते. रुळांशेजारून असा फटका मारून फोन पळवणाऱ्या 'फटका गँग'च्या मागे उडी घेऊन माणसांनी पाय गमावले आहेत, जीव गमावले आहेत. म्हणून आधी हे सांगते: फोन गेला तर जाऊ द्या, दारातून झुकू नका. आणि दारात उभं राहावंच लागलं तर फोन पर्समध्ये ठेवा.

डोंबिवलीला उतरून घरी येईपर्यंत पावणेआठ झाले. मनगट सुजलं होतं. त्याला बर्फ लावत मी स्वतःची समजूत घालत होते की फोनला बोटाचा ठसा आहे, सहा आकडी पिन आहे, तो उघडून कोणी काही करू शकणार नाही. त्या भरवशावर मी जवळजवळ तासभर नुसती बसून राहिले.

साडेआठला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू, हातात फोन, चेहरा पांढरा पडलेला. मला बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या. "अगं, तू घरी आहेस? मग हॉस्पिटलात कोण आहे?" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. आमच्या भिशीच्या ग्रुपवर, माझ्या नावाने, माझ्याच फोटोखाली लिहिलं होतं: "अर्जंट हॉस्पिटलमध्ये आहे, कॉल करू नका, पैसे पाठवा, उद्या देते." खाली कुणाचा तरी यूपीआय क्रमांक. काकूंनी पेन्शनमधले ८,००० रुपये पाठवून टाकले होते आणि वर धीर द्यायला म्हणून जिना चढून आल्या होत्या. आणखी एका मैत्रिणीने ५,००० पाठवले होते.

भिशीचा हिशोब गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. बायका माझ्या शब्दावर पैसे देतात. त्यांचा तोच विश्वास कुणीतरी वापरला होता, आणि वापरता आला तो माझ्या ढिलाईमुळे.

माझा फोन चोराने उघडलाच नव्हता, त्याला तशी गरजच पडली नाही. फोनच्या कडेला टाचणीएवढं भोक असतं. त्यात पिन खुपसली की सिमचा ट्रे बाहेर येतो. त्याने माझं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं. त्या क्षणापासून माझा नंबर त्याचा झाला. माझ्या नावाने येणारा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात पडू लागला. त्याने माझ्या नंबरावर व्हॉट्सॲप सुरू केलं. जुन्या गप्पा त्याला दिसत नाहीत, पण मी ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे ते सगळे आपोआप येतात, त्यांतली माणसंही येतात. शिवाय त्याने स्वतःचा सहा आकडी पिन लावून ठेवला, त्यामुळे खातं परत पूर्ण माझ्या हाती यायला सात दिवस लागले.

आणि कार्ड! फोनच्या पारदर्शक कव्हरमागे मी डेबिट कार्ड ठेवत असे. भाजी घेताना, रिक्षात, सोयीचं पडतं म्हणून. कार्डावर पुढे सोळा आकडे आणि मुदत, मागे तीन आकडे. उरला ओटीपी, तो सिममधून मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार कार्डाचा ऑनलाइन वापर ग्राहकाला हवा तेव्हा बंद-चालू करता येतो. लेकीच्या क्लासची फी भरण्यासाठी मी तो एकदा चालू केला होता आणि पुढे दीड वर्ष तसाच राहिला होता. दोन वेळा ९,९९९ आणि एकदा १५,०००, अशी गिफ्ट व्हाउचर त्याने घेतली.

लेकीने तिच्या फोनवरून १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरचा एकच क्रमांक आहे. पलीकडच्या माणसाने व्यवहाराची वेळ, रक्कम, बँक असं एकेक विचारून घेतलं. त्यामुळे १५,००० चा शेवटचा व्यवहार व्यापाऱ्याकडे अडवता आला आणि ते पैसे पुढे परत मिळाले. आधीचे दोन तोवर निघून गेले होते. मैत्रिणींचे पैसे ज्या खात्यात गेले तेही मिनिटांत रिकामं झालं होतं. ही खाती भाड्याची असतात, खातेदार कुणी वेगळाच आणि चालवणारा वेगळाच. मी घरी पोचल्या पोचल्या हा फोन केला असता तर काय वाचलं असतं, हा हिशोब मी पुष्कळ रात्री केला आहे.

बँकेतही हाच तास आडवा आला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक प्रत्येकाने समजून घ्यावं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, असं असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही तसंच. पण निष्काळजीपणा ग्राहकाचा ठरला तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. कार्ड फोनला चिकटवून फिरणं हा माझा निष्काळजीपणा ठरला, आणि त्यावर मी वाद घातला नाही. म्हणून बँकेला कळवाल तेव्हा तक्रारीचा क्रमांक आणि वेळ दोन्ही लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट सिम मिळालं. तेव्हा कळलं की बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. हा नियम आपल्याच रक्षणासाठी आहे, कुणी आपल्या नावाने सिम बदलून घेतलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये म्हणून. पण त्या दिवसभरात मला एकाही ठिकाणी पासवर्ड बदलता येईना. म्हणून महत्त्वाच्या खात्यांना नंबराशिवाय आत शिरायची आणखी एक वाट आधीच करून ठेवावी. गुगल खात्याला बॅकअप कोड मिळतात, दहा ओळींचा कागद असतो. तो छापून कपाटात ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते, सिमचा पिन. सिमला स्वतःचं वेगळं कुलूप असतं आणि ते साध्या बटणांच्या फोनच्या काळापासून आहे. ते लावलं की सिम कुठल्याही फोनमध्ये घाला, पिन दिल्याशिवाय नेटवर्क पकडत नाही. म्हणजे ओटीपी नाही, व्हॉट्सॲप नाही, काही नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'सिम लॉक' टाइप करा, आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर 'सिम पिन' सापडेल.

फक्त घाई करू नका. पहिल्यांदा कंपनीने ठेवलेला पिन विचारला जातो, तो अंदाजाने टाकायचा नाही. तीन वेळा चुकला की सिम अडतं आणि आठ आकडी पीयूके मागतं. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी होतं. म्हणून आधी ग्राहक सेवेला फोन करून मूळचा पिन विचारा, मग तो बदलून आपला ठेवा. ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कार्डातून सिम तोडून काढतो त्यावर बऱ्याचदा पीयूके छापलेला असतो. आपण ते कार्ड त्याच दिवशी फेकतो, ते जपून ठेवा. यापुढे फोन बंद करून चालू केला की दोनदा पिन द्यावा लागेल, एकदा सिमचा, एकदा फोनचा. महिन्यातून दोनचार वेळा होणारा तेवढा त्रास मला आता त्रास वाटत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये खाते विभागात द्वि-चरण पडताळणी असते, म्हणजे आपला सहा आकडी पिन. तो असता तर काकूंचे ८,००० गेले नसते. आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. सिम काढलं नाही तरी ओटीपी बंद पडद्यावर झळकतो, तो वाचायला फोन उघडावा लागत नाही.

नव्या सोयी चांगल्या आहेत, त्या जरूर चालू करा. गुगलने २०२४ मध्ये अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांसाठी चोरी ओळखणारं कुलूप आणलं. फोन हिसकावून कुणी पळालं किंवा वाहनावरून निघालं तर त्या हालचालीवरून फोन स्वतःच लॉक होतो. माझ्यासारखा फटका मारून खाली पाडलेला फोन तो ओळखेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सेटिंग्जमधल्या त्याच पानावर ऑफलाइन कुलूप आणि दूरवरून कुलूप लावण्याचीही सोय आहे. दुसऱ्याच्या फोनवरून केवळ आपला नंबर देऊन स्क्रीन लॉक करता येते, पण ही सोय चोरी होण्याआधी चालू केलेली असावी लागते. आयफोनला जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ बरोबर चोरीपासूनचं संरक्षण आलं. ते चालू असेल तर घराबाहेर ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा ठसा लागतो आणि वर एक तास थांबावं लागतं. पासकोड चोरून बघणाऱ्याची त्यामुळे अडचण होते. ही सगळी कुलपं फोनची आहेत. बाहेर निघालेल्या सिमला ती वाचवत नाहीत. ई-सिम असेल तर काढायला काही नसतंच, नवा फोन घेताना याचा विचार करा.

पोलिसांत तक्रार देताना कागदावर 'गहाळ' लिहून घेऊ नका, चोरी झाली असेल तर 'चोरी' लिहा. घटना कुठल्या हद्दीत घडली याचा घोळ होतो, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्या तक्रारीची प्रत आणि आयएमईआय देऊन दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर फोन ब्लॉक करता येतो. आयएमईआय खोक्यावर असतो. खोकं टाकून दिलं असेल तर आत्ताच *#०६# दाबा आणि आकडे लिहून घ्या.

लिहून घ्या म्हणजे कागदावर. त्या संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर एका मुलीने मला स्वतःचा फोन पुढे केला होता. मला ह्यांचा नंबर आठवेना. लेकीचाही नाही. मी तिला फोन परत दिला आणि चालत घरी आले. आता माझ्या पर्समध्ये एका चिठ्ठीवर पाच नंबर आहेत: घरचे दोन, बँकेचा कार्ड बंद करण्याचा, सिम कंपनीचा आणि १९३०.

काकूंचे ८,००० मी दर भिशीला हजार असे परत करते आहे. त्या घ्यायला तयार नव्हत्या, मी ऐकलं नाही. गेल्या भिशीला चहा-पोह्यांआधी आम्ही अकरा जणींनी फोन पुढे ठेवले. एकीने ग्राहक सेवेला स्पीकरवर फोन लावला, बाकीच्यांनी मूळचे पिन लिहून घेतले. काकूंचा पिन मी टाकायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला, चष्मा पुसला आणि स्वतः चार आकडे दाबले. मग फोन बंद करून चालू केला. पडद्यावर सिमचा पिन मागणारी चौकट आली तशी त्यांनी ती फिरवून सगळ्यांना दाखवली.