बंब गेला, गॅस गीझर आला, हवेचे काय?

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावांत थंडीच्या दिवसांत परसदारी तांब्याचा बंब पेटे. धूर डोळ्यांना झोंबे. पण तो उघड्यावर निघून जाई. आता जुना बंब माळ्यावर जातो आणि त्याच्या जागी आलेला गॅस गीझर थेट बंद न्हाणीघरात बसतो. धोका इथेच आहे.

ज्वलनाला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि माणूस बेशुद्ध पडतो.

म्हणून गॅस गीझर व सिलिंडर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत ठेवावेत. पाणी नळाने आत घ्यावे. गीझर सध्या आतच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी, मगच आंघोळ करावी. निखाऱ्यांचा बंबही बंद खोलीत पेटवू नये. त्यातूनही हाच वायू निघतो.

आतला माणूस हाकेला ओ देत नसेल तर वेळ न दवडता दार तोडावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखवावेच.