पाळीव श्वानास स्वागताची शिस्त

दाराची घंटा वाजताच धावत जाणे, आलेल्या व्यक्तीच्या छातीवर पुढचे पाय टेकणे आणि तिचा चेहरा चाटू पाहणे हे पाळीव कुत्र्याचे वर्तन बहुतेक घरांत कौतुकाचा विषय असते. ‘घाबरू नका, तो काही करत नाही’ असे यजमान हसत सांगतात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव आपणा सर्वांस ठाऊक आहेत. परंतु प्रत्येक पाहुण्याकडून तितक्या समदृष्टीची अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. शिवाय जेथे डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि बिऱ्हाड वर असते, तेथे रात्री-अपरात्री दार ठोठावणारा मनुष्य बहुधा पाहुणा नसून रुग्णाचा नातेवाईक असतो.

वैद्यकीय दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. तीस किलो वजनाचा लॅब्रॅडॉर प्रेमाने जरी अंगावर आला, तरी सत्तरीच्या आजींचे खुब्याचे हाड मोडू शकते. त्या रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास डोक्यास लागलेला मारही गंभीर ठरतो. दुसरा प्रश्न नखांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार रक्त न आलेला किरकोळ ओरखडाही रेबीजसंदर्भात दुसऱ्या श्रेणीत मोडतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार. पुढे लस द्यावयाची किंवा कसे, याचा निर्णय करावा लागतो. कुत्र्याचे वार्षिक लसीकरण वेळेवर झाले असल्याचा कागद घरात असेल, तर तो निर्णय पुष्कळ सोपा होतो.

कुत्रा उडी का मारतो? पिल्लू आईच्या तोंडाशी तोंड नेऊन तिला भेटते. मनुष्याचे तोंड उंचावर असल्यामुळे तेथवर पोहोचण्यास उडी घेणे त्याला भाग पडते. यात उद्धटपणा नाही आणि घरावर सत्ता गाजविण्याचा हेतूही नाही. घंटेचा आवाज आणि उत्तेजना यांची सांगड कशी बसते, हे पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांमुळे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र पचनक्रियेवरील संशोधनासाठी, हे पुष्कळदा विसरले जाते. उडी टिकून का राहते, याचे उत्तर थॉर्नडाइक व स्किनर यांच्या कार्यात सापडते: ज्या कृतीचे फळ मिळते ती कृती पुन्हा केली जाते. कुत्र्याच्या दृष्टीने आपले पाहणे, ओरडणे, हाताने ढकलणे हे सारे फळच होय.

म्हणून उपाय दुहेरी आहे. उडी मारताच पाठ फिरवावी, हात छातीशी घ्यावेत, नजर व शब्द दोन्ही काढून घ्यावेत. आणि चारही पाय जमिनीवर टेकताच, त्याच क्षणी, शांत स्वरात कौतुक करून खाऊ द्यावा. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण केवळ दुर्लक्ष केल्याने काय करू नये एवढेच कळते, काय करावे ते कळत नाही. ‘बस’ ही आज्ञा आधी निवांत खोलीत पक्की करावी, मग दाराजवळ, मग घरच्याच कोणाला बाहेर पाठवून घंटा वाजवून. पाहुण्यांवर प्रयोग सर्वांत शेवटी, तोही गळ्यात पट्टा व हातात दोरी धरून. खाऊ म्हणून पनीरचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा पुरे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका व कांदा कुत्र्यास विषारी आहेत, हे लाड करणाऱ्या आजोबांना स्पष्ट बजावून ठेवावे.

येथे बहुतेक घरे एका टप्प्यावर हार मानतात. दुर्लक्ष सुरू केल्यावर उड्या आरंभी कमी न होता वाढतात. जुने नाणे चालेनासे झाले म्हणून कुत्रा ते अधिक जोराने वाजवून पाहतो. अशा वेळी ‘हा उपाय फसला’ असे समजून कोणी एकदा जरी कुरवाळले, तरी वाढीव उडीलाच फळ मिळते. कधीमधी मिळणारे फळ तर सवय अधिकच घट्ट करते. मटक्याचा नाद लागलेल्या माणसाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. म्हणून वडील रागावतात आणि मुलगा कॉलेजातून येताच कुत्र्याला उचलून घेतो, अशा घरात शिकवणी व्यर्थ जाते. छातीत गुडघा मारणे किंवा पंजावर पाय देणे हे जुने उपाय तर सर्वथा टाळावेत. त्यामुळे कुत्रा पाहुण्याचा संबंध वेदनेशी जोडतो.

एक भेद मात्र ओळखावयास हवा. अंग सैल, सारे शरीर डोलत हलणारी शेपटी, हा उत्साह होय. अंग ताठर, शेपटी पायांत दबलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असलेला, ही भीती होय, आणि भ्यालेला कुत्राच चावतो असे नव्हे, पण चावण्याची शक्यता तेथे फार मोठी असते. अशा कुत्र्यास स्वागत शिकवू नये. पाहुणे असेतो त्याला आतल्या खोलीत पाणी व अंथरूण देऊन ठेवावे, पाहुण्यांच्या मुलांना ते दार उघडू देऊ नये, आणि पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. अचानक बदललेल्या स्वभावामागे कानाचे किंवा सांध्याचे दुखणेही असू शकते.